पावभर डोक्याचा डबा

कोणीही बिघडलेला कॉम्प्युटर घेऊन दुकानात शिरलं, की दिदी तो लगेच सुरू करत नसत. आधी त्यावर उजव्या हाताचा तळवा सपाट ठेवायच्या, मान जरा तिरपी करायच्या आणि मालकाकडे पाहून विचारायच्या, "याले शेवटी काय केलं होतं? खरं सांग."

माणूस म्हणायचा, "काहीच नाही केलं, दिदी. आपोआप बंद पडला."

"आपोआप बंद पडला तं आपोआप चालू होऊ दे. माह्याकडं काऊन आणला?"

मग माणूस खाली मान घालून सांगायचा, की पोरानं चहा सांडला होता, किंवा मेहुण्यानं काहीतरी दाबलं होतं. तुम्ही पाहिलं असेल, डॉक्टरपुढे आणि मेकॅनिकपुढे माणूस सगळ्यात जास्त खोटं बोलतो. दिदींना त्याचा राग नव्हता. फक्त खरं कळल्याशिवाय त्या हातात पेचकस घेत नसत.

त्यांचं दुकान गोंदियाला, बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. घर मुर्रीला. वय पन्नाशीच्या पुढचं. लग्न केलेलं नव्हतं, आणि त्याबद्दल कोणी विचारलं तर "राहून गेलं" एवढंच म्हणायच्या. आपल्याकडे भाताच्या रोवणीला जाणाऱ्या बाया साडीवर पुरुषी शर्ट घालतात, तसा लांब बाह्यांचा शर्ट त्या साडीवर बाराही महिने घालायच्या. खिशात पेचकस, चिमटा आणि बडीशेपेची पुडी. व्यापाऱ्यांशी हिंदी, फोनवर आईशी पोवारी, आमच्यासारख्या खेड्यातल्यांशी आपली बोली. रागावल्या की तिन्ही एकत्र.

दुसरं एक वाक्य त्यांच्या तोंडी नेहमी असे, "गेलं तं गेलं." एका शिकवणीवाल्या सरांच्या कॉम्प्युटरवर हात ठेवून, थोडा वेळ ऐकून त्यांनी हेच सांगितलं होतं. सर चिडले. म्हणाले, "जरा धीर तरी द्या." दिदी म्हणाल्या, "धीर दिला तं तुम्ही महिनाभर वाट पाहान. आजच रडा, उद्यापासून कामाले लागा." सर दुसरीकडे गेले, महिनाभर वाट पाहिली आणि एक दिवस दिदींच्या दुकानात नुसतेच येऊन बसले. दिदींनी त्यांना बडीशेप दिली.

मी आमगावचा फोटोवाला. लग्नं, बारशी, शाळेच्या अर्जाचे फोटो, सगळं करतो. दिदींची माझी ओळख जुनी, पण ती खरी झाली ती एका डब्यामुळे.

हा डबा म्हणजे दोन मोठ्या डिस्का बसवलेली काळी पेटी. नागपूरचा एक स्टुडिओ बंद होत होता, तिथून मी ती जुनी घेतली होती. इतक्या वर्षांत काढलेली सगळी लग्नं तिच्यात. नवऱ्या मुलाच्या घोड्यापासून मुलीच्या पाठवणीपर्यंत लाखो फोटो आणि व्हिडिओच्या तुकड्यांचा ढीग. लोकांना दिलेले अल्बम वाळवीनं खाल्ले, पेन ड्राइव्ह हरवले, तरी ते निश्चिंत असायचे. म्हणायचे, "फोटोवाल्या भाऊकडं असंन ना."

असंच म्हणत दवनीवाड्याची एक मुलगी आली. तिचं लग्न मीच काढलं होतं. बरोबर तिची आई होती, गळ्याला पांढरं मऊ फडकं गुंडाळलेलं. आईच्या गळ्याचं मोठं ऑपरेशन झालं होतं. दुखणं मुळापासून गेलं, जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. आता त्या बोलू शकत नव्हत्या.

"घरी आणल्यावर सगळे खूश होते, भाऊ," मुलगी म्हणाली. "मंग एका दिवशी ध्यानात आलं, का आईचा आवाज आपल्याकडं कुठंच नाही. माह्या फोनमध्ये नाही, बाबाच्या नाही. तुम्ही दिलेला पेन ड्राइव्ह उघडून नाही राहिला. हळदीच्या दिवशी आई गाणं म्हणत होती, तुम्ही काढलं होतं."

मला ती हळद चांगली आठवत होती. मी म्हटलं, "आहे माझ्याकडे. उद्या या, काढून ठेवतो."

त्याच दिवशी दुपारी वादळ आलं. समोरच्या मांडववाल्याचे पत्रे उडाले, वीज गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. वारा थांबल्यावर पाहिलं, तर डब्याचा निळा दिवा पिवळा झाला होता आणि लॅपटॉपवर माझी सगळी लग्नं रिकामी दिसत होती. फोल्डर नाही, नाव नाही, काही नाही.

ओळखीच्या एकानं येऊन पाहिलं. म्हणाला, "फॉरमॅट मारून टाक. डबा पुन्हा नव्यासारखा चालेल." डबा चालेल हो, पण लग्नं? मी दिदींना फोन लावला.

"बंद कर. हलवू नको. कोणाले हात लावू देऊ नको," त्या म्हणाल्या. "मी येते."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या आल्या. आल्या आल्या डब्यावर तळवा ठेवला आणि नजर माझ्याकडे. मी आपणहूनच म्हटलं, "दिदी, खरंच काही केलं नाही. वादळ होतं."

"हाव, वादळ मीबी पाहिलं," त्या म्हणाल्या. एवढंच.

पहिली बातमी वाईट होती. दोन डिस्कांपैकी एक केव्हाचीच बंद पडलेली निघाली. बाहेरचा दिवा मात्र बिचारा रोज सगळं ठीक असल्याचं सांगत होता. दिदींनी ती डिस्क कानाशी धरली, टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "गेलं तं गेलं." मी दुसऱ्या डिस्ककडे बोट दाखवलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. दिदींना ओळखणाऱ्या माणसाला त्या गप्प राहण्यातच आशा दिसली असती. मला दिसली.

दुखणं काय आहे ते त्यांनी मला नीट समजावलं. वीज अशी अचानक गेली, की डिस्कवरचा पसारा जागच्या जागी आहे का, हे पाहणारा एक तपासणीचा प्रोग्राम डब्यात असतो. कोणता फोटो कुठं आहे, एकाच जागेवर दोघांनी हक्क सांगितलाय का, कोणाचं नाव पुसलं गेलंय, कोण बेवारस पडलंय, हे तो फिरून पाहतो. पाहिलेलं सगळं त्याला शेवटपर्यंत लक्षात ठेवावं लागतं, आणि ते तो मेमरीत ठेवतो. माझ्या डब्याची मेमरी एखाद्या जुन्या मोबाईलहूनही कमी. तपासणी थोडी पुढं सरकली, की मेमरी भरायची आणि प्रोग्राम मध्येच मान टाकायचा.

"याचं डोकं पावभर," दिदी म्हणाल्या, "अन् तू याच्यात फोटो भरले खंडीभर. अन् हा वेडा सगळं तोंडपाठ करून राहिला."

"मग डिस्क काढून तुमच्या मोठ्या कॉम्प्युटरला लावू."

"लावली असती. पण या कंपनीनं हिशेबच वेगळा ठेवला. दुसऱ्या मशीनले याचं लिहिलेलं वाचता येत नाही. जे करायचं ते याच्याच डोक्यानं."

त्यांनी आधी डब्यातली बाकीची सगळी कामं बंद केली. फोटोंच्या छोट्या प्रती बनवणं, टीव्हीला व्हिडिओ दाखवणं, असली काय काय कामं तो आपल्या मनानं करत बसायचा. "जेवढं डोकं आहे तेवढं एका कामाले लागू दे." तपासणी आधीपेक्षा पुढं गेली आणि पुन्हा थांबली. मग त्यांनी एक पेन ड्राइव्ह लावून तीच मेमरी आहे असं डब्याला भासवलं. तपासणी आणखी पुढं गेली. आम्ही दोघं श्वास धरून पडद्याकडे पाहत होतो. पुन्हा तीच इंग्रजी ओळ आली, मेमरी कमी पडली. डबा इतका जुना होता, की बाहेरून कितीही मेमरी दिली तरी एका वेळी त्याला ठरावीकच वापरता येई.

नेमक्या त्याच वेळी मायलेकी दारात आल्या. मीच त्यांना उद्या या म्हटलं होतं.

"थोडं तांत्रिक काम चालू आहे," असं काहीतरी मी म्हणू लागलो, तेवढ्यात दिदींनी खुर्ची वळवली.

"तुमचं लग्न याच डब्यात अडकलं आहे," त्या सरळ म्हणाल्या. "निघंन का नाही, मले आज माहीत नाही."

मुलीचे डोळे भरले. दिदींनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्या आईकडे पाहत होत्या. "आवाज पूर्ण गेला का, बाई? का थोडाफार निघते?"

मुलगी एकदम तापली. "असं काय विचारता, मॅडम? तिच्या तोंडावर?"

"मॅडम शाळेत राहते. अन् तोंडावर नाही विचारू तं काय पाठीमागं विचारू?"

मला वाटलं, आता भांडण होतं. पण आई पुढं आल्या, दिदींच्या समोरच्या स्टुलावर बसल्या. गळ्यावर हात ठेवून त्यांनी मान हलवली, पूर्ण गेला. मग बोटांनी दाखवलं, खाता येतं, झोप लागते, शेतावरही जाते. ओठ हलवून काहीतरी सांगितलं. मुलीनं भाषांतर केलं, आणि करता करता तिचा राग उतरला. "आई म्हणून राहिली, का घरी आल्यापासून सगळे माह्यासमोर कुजबुजतात. मले ऐकू येते, म्हणून सांगा त्याहिले."

दिदी जोरात हसल्या. त्या बाईचे खांदे हलू लागले. आवाज न करता माणूस किती हसू शकतो, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्या गेल्यावर दिदींनी डबा बंद केला. "मले वाचावं लागंन," म्हणाल्या आणि गोंदियाला गेल्या. मग काही दिवस त्यांचा फोन नाही. मी केला तर म्हणायच्या, "कायले घाई करतं, बाबू? वाचून राहिली ना." तपासणीच्या प्रोग्रामची इंग्रजी माहिती छापून घेऊन त्या ओळीखाली बोट ठेवून वाचत होत्या, असं मला नंतर कळलं. शाळेत आपण इंग्रजीत नापास झालो होतो, हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगायच्या. पण वाचायचं म्हटलं की शब्द न शब्द वाचायच्या.

एका सकाळी त्या न कळवता स्टुडिओत आल्या. हातात त्यांच्या दुकानातली छोटी बाहेरची डिस्क होती.

"सापडलं," म्हणाल्या. "या प्रोग्रामले सांगता येते, का बाबा, सगळं डोक्यात ठेवू नको. जे पाहिलं ते डिस्कवर लिहीत जा, लागंन तेव्हा वाच. तशी सोय आहेच त्याच्यात, फक्त कोणी सांगत नाही तोवर तो करत नाही."

"मग आपल्याच डिस्कवर लिहू दे ना."

"ज्या घराची झडती घ्यायची, त्याच घरात झडतीचं सामान ठेवतं का? म्हणून ही वेगळी आणली." छोटी डिस्क त्यांनी डब्याला जोडली, कुठं लिहायचं ते दोन ओळींत डब्याला सांगितलं. "पण एक सांगते. तोंडपाठ माणूस लवकर सांगते. लिहून लिहून पाहणाऱ्याले वेळ लागते. लई वेळ लागंन."

लागला. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. पडद्यावर एक आकडा गोगलगाईसारखा सरकत होता. पण मेमरी भरत नव्हती. जिथं तो आधी मान टाकायचा, ती जागा ओलांडून तपासणी पुढं गेली, तेव्हा मी टाळी वाजवली. दिदींनी डोळे वटारले, जणू टाळीनंच तो थांबेल.

त्या रोज सकाळी यायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायच्या. मी म्हटलं, फोनवर सांगत जाईन. नाही म्हणाल्या. माझ्या स्टुडिओत रंगवलेल्या धबधब्याच्या पडद्यापुढं एक नक्षीदार खुर्ची होती, नवरा-नवरीला बसवायची. दिदी तिच्यावर बसायच्या. गिऱ्हाईक आलं की उठायच्या, फोटो झाला की पुन्हा बसायच्या. दोन दिवसांत त्यांनी माझा धंदाच हाती घेतला. अर्जाच्या फोटोसाठी आलेल्या पोरी हसू लागल्या की म्हणायच्या, "तोंड सरळ कर. अर्ज लावून राहिली का मुलगा पाहून राहिली?" एका म्हाताऱ्या आजोबांची टोपी त्यांनी तीनदा सारखी केली. आजोबा जाताना मला विचारत होते, "ह्या बाई केव्हापासून ठेवल्या? चांगल्या आहेत."

शेवटी पहिली फेरी संपली. पडद्यावर चुकांची मोठी रांग. मी म्हटलं, "झालं ना? सुधारलं?"

"काहीच नाही सुधारलं. याले मी फक्त पाहाले सांगितलं होतं. हात लावू नको म्हटलं होतं."

"म्हणजे इतके दिवस...?"

"मंग? पोट फाडण्याच्या आधी एक्सरे नाही काढत?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आता हात लावीन. निघंन बहुतेक. पण आणखी बिघडूबी शकते. डबा तुझा आहे. हो म्हण, नाहीतर नाही म्हण."

मी म्हटलं, दवनीवाड्याला विचारू. फोन मुलीनं उचलला, आईला सांगितलं. थोड्या वेळानं फोनमधून दोन टाळ्या ऐकू आल्या. "आई हो म्हणून राहिली," मुलगी म्हणाली.

दुसरी फेरी सुरू झाली. ही डिस्कवर खरोखर लिहिणारी, म्हणजे मध्येच बंद पडून चालणार नव्हती. आणि व्हायचं तेच झालं. ती निम्म्याच्या पुढं गेलेली असताना भर दुपारी वीज गेली. वादळानंतर डबा मी इन्व्हर्टरला जोडला होता, म्हणून तो चालू राहिला, पण वीज काही येईना. चौकशी केली तर कळलं, कुठंतरी तारेवर झाड पडलंय. इन्व्हर्टर टूं टूं करू लागला.

मी दिदींकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या, बडीशेपेची पुडी उघडायचा प्रयत्न करत होत्या आणि पुडी उघडत नव्हती. "या डिस्कची अजून एक चूक मी वाढवली तं त्या बाईले काय सांगू?" त्या हळूच म्हणाल्या. माझ्याशी नव्हे, पुडीशीच.

मी समोर मांडववाल्याकडे धावलो. वरातीतल्या दिव्यांसाठी त्याच्याकडे हातगाडीवरचं जनरेटर होतं. तो जेवत होता. मी काय सांगितलं ते त्याला कितपत कळलं कोण जाणे, पण "डब्यात तुमच्या बहिणीचंही लग्न आहे" एवढं कळलं. ताट सरकवून तो तसाच उठला. आम्ही दोघांनी हातगाडी ढकलत आणली. जनरेटर धडधडू लागलं, तशी गल्लीतली चार माणसं वरात आली असं समजून बाहेर आली. डबा चालू राहिला. दिदींनी पुडी दातांनी फाडली आणि मांडववाल्याच्या उष्ट्या हातावरच बडीशेप ठेवली.

वीज संध्याकाळी आली. आणखी काही दिवसांनी फेरी संपली. दिदींनी डबा पुन्हा सुरू केला. पिवळा दिवा काही वेळ लुकलुकला आणि निळा झाला. लॅपटॉपवर एकेक लग्न उमटू लागलं. मला बसवेना. मी बाहेर जाऊन उगाच दुकानाचा ओटा झाडून आलो.

पण दवनीवाड्याचं लग्न त्यांत नव्हतं. मी यादी पुन्हा वरून खाली पाहिली. दिदी शांत होत्या. "नाव पुसलं असंन," म्हणाल्या. ज्यांचं घर सापडलं नाही, अशा बेवारस फाइली तपासणी एका वेगळ्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवते. तो त्यांनी उघडला. शेकडो तुकडे, नाव नाही, नुसते आकडे. "यातलं कोणतं कोणाचं, हे आता माणसानंच पाहावं लागंन. बोलाव त्याहिले."

मायलेकी आल्या. आम्ही चौघं लॅपटॉपपुढं बसलो आणि एकेक तुकडा उघडू लागलो. कुठं घोडा बिथरलेला, कुठं कोणाचे मामा रुसलेले. परक्यांची लग्नं पाहण्यात आईंना भारी मौज वाटू लागली. एका पंगतीत त्यांना आपली चुलतबहीण दिसली. तिनं पानात किती जिलेब्या घेतल्यात, ते त्यांनी बोटांनी मोजून दाखवलं. दिदीही सरसावून बसल्या. "आता हिच्याकडं पाहा, नवरीपेक्षा हिनंच जास्त दागिने घातले." आपण कशासाठी बसलोय, हे मुलगी सोडून सगळे विसरले होते.

आणि मग एक तुकडा उघडला, त्यात चित्रच नव्हतं. माझा कॅमेरा खाली लोंबकळत असावा, नुसती जमीन आणि चपला दिसत होत्या. पण आवाज खणखणीत आला.

"ए बँडवाल्या! तुले वाजवता येते का नुसता ढोल फोडता येते? आमच्या बाया गाणं म्हणून राहिल्या, तू कायले मधात तडमडतं? गप्प बस जरासा, नाहीतर तुह्या तोंडालेच हळद फासीन!"

मागं बायांचा हशा. मुलीनं तोंडावर दोन्ही हात ठेवले. आईंचं बोट पडद्याकडे तसंच राहिलं. त्या स्वतःचा आवाज ऐकत होत्या, अगदी एकाग्र, जसं आपण गावाकडच्या माणसाचं बोलणं परक्या गावात ऐकतो. मग त्यांचे खांदे हलू लागले. हसून हसून डोळ्यांतून पाणी आलं, पदरानं पुसलं, आणि त्यांनी खूण केली, पुन्हा लाव.

दिदींनी पुन्हा लावलं. पुन्हा. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही अन् मी एकाच गावात राहिलो असतो तं त्या गावाचं काही खरं नव्हतं."

पुढच्या तुकड्यात गाणंही सापडलं. सुरेल होतं, सगळ्यांनी मान डोलावून ऐकलं. पण मुलीनं फोनमध्ये आधी भरून घेतलं ते बँडवाल्याला सुनावलेलं. "हेच तं आई आहे," ती म्हणाली.

त्यानंतर दिदींनी मला गप्प बसू दिलं नाही. दोन नव्या डिस्का आणायला लावल्या, सगळी लग्नं दोन ठिकाणी उतरवून घेतली, एक डिस्क मांडववाल्याच्या घरी ठेवायला दिली. मगच त्यांनी जुन्या डब्यावरचा हात काढला.

गेल्या वर्षी त्यांनी दुकान बंद केलं. त्यांची आई वारली, गुडघे बोलू लागले. भाची दुर्गला असते, ती न्यायला तयार होतीच. मी गोंदियाच्या फलाटावर त्यांना सोडायला गेलो होतो. माझ्या मनात काळजी होती. सगळा जन्म गल्लीतल्या एका दुकानात गेलेली बाई, परक्या शहरात, भाचीच्या फ्लॅटमध्ये दिवसभर करणार काय? रागावणार कोणावर?

गाडी आली. दिदी चढल्या, तर त्यांच्या खिडकीच्या जागेवर एक जाडजूड गृहस्थ पाय पसरून बसलेले.

"भैया, ये मेरी सीट है."

"अरे माताजी, वो सामने बैठ जाइए ना, खाली तो है."

"माताजी होंगी आपके घर पे. सीट मेरी है, उठो."

भांडण हिंदीत सुरू झालं, मध्येच आपल्या बोलीत आलं. डब्यातली माणसं दोन बाजूंना वाटली गेली. मी खिडकीबाहेरून काहीतरी समजूत घालू लागलो, तर दोघंही माझ्यावरच ओरडली. शेवटी गृहस्थ उठले आणि कुरकुरत शेजारी सरकले. दिदी खिडकीशी ऐसपैस बसल्या, मांडीवर पिशवी घेतली.

शिट्टी झाली. गाडी हलली. मी खिडकीबरोबर चालत हात हलवू लागलो. दिदींनी पिशवीतून उकडलेले शिंगाडे काढले होते. मूठभर त्या गृहस्थांच्या ओंजळीत घालून, काटा कुठून मोडायचा आणि साल कशी सोलायची, ते त्या त्यांना रागावून शिकवत होत्या. गृहस्थ खाली मान घालून शिकत होते. माझ्याकडे पाहायचं त्या पार विसरून गेल्या होत्या.

मी हात खाली घेतला. गाडी फलाटाबाहेर पडेपर्यंत खिडकीतून सालं पडताना दिसत होती.